जोखीम कोणाची? तरुण संशोधक आणि धाडसी संशोधनाचं अनुदान

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थिनीने मला जिन्यात गाठलं. पीएचडीचं शेवटचं वर्ष. म्हणाली, "सर, मला जे करायचंय ते अजून कोणी केलेलं नाही. अर्जात मात्र विचारतात, हे जमेल याचा तुमच्याकडे काय पुरावा? पुरावा असता तर पैसे कशाला मागितले असते?" मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं आणि रिक्षा पकडली. आजचं व्याख्यान ही त्या उत्तराची दुरुस्ती समजा.

विषय आहे जैववैद्यकीय क्षेत्रातलं जोखमीचं संशोधन आणि ते करू पाहणाऱ्या तरुणांना मिळणारं, किंवा न मिळणारं, अनुदान. माझी उदाहरणं बरीचशी अमेरिकेतली असतील. कारण साधं आहे. या क्षेत्रातला जगातला सर्वांत मोठा सरकारी दाता तिथे आहे. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, ज्याला सगळे एनआयएच म्हणतात. शिवाय आपण पैसे वाटतो ते कसे वाटतो, यावरही तिकडे लोकांनी संशोधन करून ठेवलंय. ते आपल्याला आयतं मिळतं.

आधी पैसा हातात पडतो कसा ते बघू. एनआयएचचं सर्वांत जुनं, नेहमीचं अनुदान म्हणजे आर-झिरो-वन. चार-पाच वर्षांसाठी. संशोधकाने बारा पानांत आपला बेत मांडायचा. तो जातो त्या विषयातल्या तज्ज्ञांच्या समितीकडे. दोघं-तिघं तो बारकाईने वाचतात आणि एक ते नऊ असा गुण देतात. इथे एक हा सर्वांत चांगला, आपल्याकडे पहिला नंबर येतो तसा. साधारण निम्मे प्रस्ताव तर बैठकीत चर्चेलाच येत नाहीत. उरलेल्यांवर चर्चा होते, सगळे सदस्य गुण देतात, सरासरी निघते. शेवटी साधारण पाचातल्या एकाला पैसे मिळतात.

आता पाचातल्या चारांना नाही म्हणायचं, असं एकदा ठरलं की समितीचं काम नकळत बदलतं. उत्तम काय आहे ते शोधण्यापेक्षा कशाला बाद करता येईल ते शोधणं सोपं पडतं. बारा जणांना प्रस्ताव आवडला आणि एकाने विचारलं, "पण हे झालंच नाही तर?" तर सरासरी घसरते, आणि प्रस्ताव रेषेच्या पलीकडे जातो. तो एक माणूस दुष्ट नसतो. त्याचा प्रश्नही बरोबर असतो. पण जे काम खरोखर नवं आहे, त्याला हा प्रश्न दर वेळी लागू पडतो, ही अडचण आहे.

मग या प्रश्नाला उत्तर म्हणून लोक काय करतात? प्राथमिक निष्कर्ष जोडतात. हे बघा, आम्ही थोडं करून पाहिलंय, जमतंय. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असा हा प्रकार आहे. आणि यातली गंमत सगळ्यांना माहीत असते, फक्त कोणी मोठ्याने बोलत नाही. जम बसलेली प्रयोगशाळा चालू अनुदानाच्या पैशातून पुढच्या अनुदानाचे प्रयोग करून ठेवते. म्हणजे अर्ज करतात तेव्हा काम अर्धं झालेलं असतं. ज्याच्याकडे आधीचं अनुदान आहे त्याचं यात काही बिघडत नाही. ज्याने कालच प्रयोगशाळेची किल्ली हातात घेतली, त्याने आधीचं कुठून आणायचं? तो मग आपल्या गुरूच्याच कामाचा पुढचा तुकडा मागतो. त्याचे आकडे त्याच्याकडे असतात.

वयावर याचा परिणाम दिसतो. १९८३ साली आर-झिरो-वन अनुदान असलेल्या प्रमुख संशोधकांपैकी १८ टक्के ३६ वर्षांचे किंवा त्याहून लहान होते. २०१० साली ते प्रमाण ३ टक्क्यांवर आलं. पीएचडी झालेल्या माणसाला पहिलं असं अनुदान मिळतं तेव्हा त्याने सरासरी चाळिशी ओलांडलेली असते. डॉक्टर असेल तर आणखी उशीर. चाळिशीनंतर डोकं चालत नाही असं मी म्हणत नाही, माझंच वय बघा. (हशा) पण विशीच्या अखेरीस सुचलेली कल्पना बारा-पंधरा वर्षं खिशात घेऊन फिरायची, आणि तोवर दुसऱ्याच्या कल्पनेवर राबायचं, यात त्या कल्पनेचं काय होतं, हा प्रश्न आहेच.

आता दोन माणसांच्या गोष्टी सांगतो. दोघांनाही नोबेल मिळालं, पण त्यासाठी नाही सांगत.

पहिला, मारियो कापेक्की. यूटा विद्यापीठात होता. १९८० मध्ये त्याने एनआयएचकडे अर्ज केला, त्यात तीन कामं होती. दोन समितीला आवडली. तिसरं होतं सस्तन प्राण्याच्या पेशीतलं एखादं नेमकं जनुक ठरवून बदलणं. समितीचं म्हणणं पडलं की बाहेरून सोडलेला डीएनए पेशीतल्या अफाट डीएनएमधली आपली जोडी नेमकी शोधून काढेल, याची शक्यता फारच कमी. या फंदात पडू नका. अनुदान मंजूर झालं, तिसरं काम सोडून द्या या सल्ल्यासकट. कापेक्कीने जवळजवळ सगळे पैसे तिसऱ्याच कामात घातले. १९८४ मध्ये नूतनीकरणाला गेला तेव्हा हातात निकाल होते, आणि समितीनेही मोकळ्या मनाने कबूल केलं की तुम्ही आमचं ऐकलं नाहीत ते बरं झालं. आज जगभर हव्या त्या जनुकाविना उंदीर तयार करून रोगांचा अभ्यास होतो, त्यामागे हे काम आहे. २००७ चं नोबेल त्यात त्याला इतर दोघांसह मिळालं.

दुसरी, कॅटलिन कारिको. हंगेरीतून १९८५ मध्ये अमेरिकेत आली, पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. तिचा ध्यास होता संदेशवाहक आरएनए, म्हणजे एमआरएनए. पेशीला प्रथिन बनवण्याचा निरोप आपणच बाहेरून पाठवायचा. पण हा रेणू नाजूक, लगेच तुटतो. शिवाय शरीरात गेला की दाह उठतो, कारण आपली प्रतिकारयंत्रणा त्याला घुसखोर समजते. तिचे अनुदानाचे अर्ज एकामागून एक परत आले. १९९५ मध्ये विद्यापीठाने तिला खालच्या पदावर आणलं. १९९७ च्या सुमारास फोटोकॉपीच्या मशीनपाशी तिची ड्रू वाइसमनशी ओळख झाली. त्याची स्वतःची प्रयोगशाळा होती, तिच्या हाताला आरएनए बनवण्याचं कसब होतं. २००५ मध्ये दोघांनी दाखवून दिलं की आरएनएमधला युरिडीन हा घटक किंचित बदलला तर दाह टळतो. तेव्हा फारसं कोणी वळून पाहिलं नाही. पंधरा वर्षांनी कोविडची एमआरएनए लस आली, ती या पायावर. २०२३ चं नोबेल दोघांना मिळालं.

या गोष्टी आपण नेहमी चिकाटीच्या गोष्टी म्हणून सांगतो. शाळेत पाहुणा म्हणून बोलावलं तर मीही तशाच सांगतो. पण दोन्ही शेजारी ठेवा आणि बघा. दोघांची कल्पना बरोबर होती. दोघांवर तज्ज्ञांचा विश्वास नव्हता. फरक काय? कापेक्की तेव्हा ४३ वर्षांचा होता, हार्वर्डमध्ये शिकवून आलेला, जेम्स वॉटसनचा विद्यार्थी. त्याच्या हातात अनुदान होतं आणि त्यात दोन सुरक्षित कामांची सोय होती. फसला असता तर अपमान झाला असता, घर नसतं गेलं. कारिकोकडे यातलं काहीच नव्हतं. तिची कल्पना लोकांनी नाकारली तेव्हा सोबत तिची जागाही गेली. ती टिकली हा तिचा गुण. पण अशा किती जणी टिकल्या नाहीत, त्यांची गोष्ट सांगायला कोणी उरत नाही.

म्हणून मला वाटतं, जोखमीचं संशोधन म्हणताना आपण एक शब्द गाळतो. जोखीम कोणाची? दात्याकडे हजारो प्रकल्प असतात. शंभर धाडसी प्रकल्पांना पैसे दिले आणि पाच लागले तरी त्याचा हिशेब जुळतो. ज्याच्याकडे पन्नास एकर बागायत आहे, त्याने दोन एकरांत नवं बियाणं लावून पाहिलं तर त्याला झोप लागते. ज्याच्याकडे एकच एकर कोरडवाहू आहे, त्याला तेच बियाणं लावायला सांगणं हा वेगळा सल्ला आहे. तरुण संशोधकाकडे एकच एकर असतो. नोकरी कायम होण्यासाठी पाच-सहा वर्षं मिळतात, आणि त्या वर्षांत काय उगवलं यावर पुढचं आयुष्य ठरतं.

आणि पहिल्याच वेळी हुकलं तर काय होतं, याचे आकडे उपलब्ध आहेत. नेदरलँड्समध्ये तरुण संशोधकांच्या एका सरकारी योजनेचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रेषेच्या जरा वर राहिलेले आणि जरा खाली राहिलेले, म्हणजे गुणांनी जवळजवळ सारखेच. पुढच्या आठ वर्षांत वरच्यांनी खालच्यांच्या दुपटीहून अधिक अनुदान मिळवलं. कारण एक म्हणजे नावापुढे एक बिरुद लागतं. दुसरं मला जास्त बोचलं. हुकलेल्यांपैकी अनेकांनी पुन्हा अर्जच केले नाहीत. पुढच्या वर्षी एनआयएचच्या अर्जदारांवर असाच अभ्यास झाला. थोडक्यात हुकलेल्यांपैकी बरेच जण त्या वाटेवरून कायमचे बाजूला झाले. जे तरी टिकून राहिले, त्यांनी पुढे थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षा सरस काम केलं. यातून कोणी "मग अपयश चांगलंच की" असा अर्थ काढतो. काढू नये. जे गेले त्यांच्यात काय होतं हे आपल्याला कळत नाही.

आता उपाय. एनआयएचलाही हे दिसत होतं. २००४ मध्ये त्यांनी पायोनियर पुरस्कार सुरू केला. प्रकल्पाला नाही, माणसाला पैसे द्यायचे; धाडसी कल्पना आणा. पहिल्या वर्षी नऊ जण निवडले गेले. नऊच्या नऊ पुरुष. खूप टीका झाली, दुसऱ्या वर्षी निवडीची पद्धत बदलली आणि लगेच यादीत स्त्रिया दिसू लागल्या. हे उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण 'धाडसी माणूस शोधा' असं म्हटलं की समिती आपल्या मनातल्या धाडसी माणसासारखा दिसणारा, बोलणारा माणूस शोधते. कल्पना बाजूलाच राहते.

तरुणांसाठी म्हणून २००७ मध्ये न्यू इनोव्हेटर पुरस्कार आला. शेवटच्या पदवीला किंवा वैद्यकीय निवासी प्रशिक्षणाला दहा वर्षं उलटलेली नसावीत, आणि आधी आर-झिरो-वन मिळालेलं नसावं. पाच वर्षांत १५ लाख डॉलरपर्यंत थेट खर्च. आणि मुख्य गोष्ट, प्राथमिक निष्कर्षांची अट नाही. जोडले तर चालतील, पण मागणार नाही. त्यानंतर अर्ली इंडिपेंडन्स पुरस्कार आला. पीएचडी होताच, पोस्टडॉकची वर्षं टाळून थेट स्वतःची प्रयोगशाळा, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत, पाच वर्षं. जिन्यातल्या त्या मुलीला मी हे सांगायला हवं होतं. तिच्या प्रश्नाचं थेट उत्तर देणाऱ्या योजना आहेत. पण लहान आहेत. एनआयएचच्या एकूण खर्चात त्यांचा वाटा चिमूटभर.

आणि माझी शंका वेगळीच आहे. पाच वर्षं पैसे दिले, सहाव्या वर्षी काय? सहाव्या वर्षी तो मुलगा पुन्हा त्याच नेहमीच्या रांगेत उभा राहतो आणि त्याला विचारतात, पाच वर्षांत काय प्रसिद्ध केलंत? हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मग तो तिसऱ्या वर्षीच शहाण्यासारखा सोप्या कामाकडे वळतो. दात्याने जोखीम घेतली असं कागदावर दिसतं. माणूस मात्र पूर्वीइतकाच उघड्यावर.

इथे हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट या खाजगी संस्थेचं उदाहरण बघण्यासारखं आहे. ती माणूस निवडते आणि लांब पल्ल्याचे पैसे देते. सुरुवातीला हात पोळले तरी पाठ फिरवत नाही. मधेच दिशा बदलली तरी चालते. आणि मुदत संपल्यावर पुन्हा निवड झाली नाही तर दुसऱ्या दिवशी नळ बंद होत नाही. साधारण दोन वर्षं पैसे हळूहळू कमी करत नेण्याची सोय होती. एमआयटीच्या पिएर अझुले आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या संस्थेच्या संशोधकांची तुलना तेवढ्याच कर्तबगार, पण एनआयएचच्या नेहमीच्या अनुदानावर चालणाऱ्या संशोधकांशी केली. या संशोधकांचे गाजलेले शोधनिबंध कितीतरी जास्त निघाले. हे सगळे सांगतात. त्यातला दुसरा निष्कर्ष कोणी सांगत नाही. पडलेले निबंधही जास्त निघाले. मला यातूनच विश्वास वाटतो. नुसतेच हुशार लोक गोळा केले असते तर पडलेले कमी झाले असते. दोन्ही टोकं वाढली, म्हणजे लोक खरोखर धोका पत्करत होते. ती दोन वर्षांची उतरण म्हणजे पीकविमाच. तो हातात असल्यावर माणूस नवं बियाणं लावतो.

उरला प्रश्न निवडीचा. नव्या कल्पना तज्ज्ञांना ओळखता येतात का? हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये एक प्रयोग झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा प्रस्ताव, १४२ परीक्षक, सगळ्यांनी सगळे तपासले. प्रस्ताव परीक्षकाच्या स्वतःच्या विषयाच्या जितका जवळ तितके गुण कमी, आणि जितका अनोळखी नवा तितकेही गुण कमी. हे वाचलं तेव्हा मी जरा खजील झालो. मी एका निवड समितीवर होतो, कुठल्या ते विचारू नका. माझ्याच विषयातला एका तरुणाचा प्रस्ताव होता. त्यातली प्रत्येक अडचण मला पाठ होती, त्यामुळे प्रत्येकीचे गुण कापत गेलो. त्याच दुपारी शेजारच्या विषयातला एक प्रस्ताव आला, मला अर्धाच कळला, आणि मी भरघोस गुण दिले. दुसरा एक अभ्यास २०१८ चा. एनआयएचचे २५ खरे प्रस्ताव ४३ परीक्षकांना दिले. एकाच प्रस्तावाबद्दल दोघांचं मत जुळेना. दोन वेगळ्या प्रस्तावांना दोन परीक्षकांनी दिलेले गुण जितके जुळावेत, तितपतच.

मग न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलने काय केलं? २०१३ पासून त्यांच्या एक्सप्लोरर अनुदानासाठी सोडत काढतात. दीड लाख न्यूझीलंड डॉलर. अर्ज छोटा, वर नाव नाही. समिती दोनच गोष्टी बघते: जमलं तर चित्र पालटेल का, आणि करण्याजोगं आहे का. त्यातून पार पडलेल्यांची नावं सोडतीत. म्हाडाच्या घरांची सोडत असते ना, आधी पात्रता तपासायची आणि मग सोडत, तसंच. अर्जदारांना नंतर विचारलं तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांचा या पद्धतीला पाठिंबा होता. मला यातला मोठा फायदा वेगळाच वाटतो. सोडतीत हुकलेल्याच्या कपाळावर नापासाचा शिक्का बसत नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा अर्ज करतो.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न: हे करदात्यांचे पैसे आहेत. शंभरातले पंच्याण्णव प्रकल्प बुडाले तर जाब कोणी द्यायचा?

उत्तर: जाब द्यायचाच, फक्त यशाचा मागू नये. काय करून पाहिलं, कुठे अडलं, हा रस्ता पुढच्याने धरावा की नाही, याचा लेखी हिशेब मागावा आणि तो सगळ्यांना वाचायला मिळावा. आज फसलेले प्रयोग कपाटात जातात आणि दहा वर्षांनी दुसरा कोणी त्याच खड्ड्यात पुन्हा तुमचेच पैसे घालतो. शिवाय सगळे पैसे असे वाटा असं मी म्हणत नाही. बहुतेक काम पायरी-पायरीनेच होतं आणि तसंच व्हावं.

प्रश्न: आपल्याकडे असं काही आहे का?

उत्तर: आहे. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनची वेलकम ट्रस्ट यांनी मिळून २००८ मध्ये इंडिया अलायन्स सुरू केली. तिच्या शिष्यवृत्त्या माणसाला असतात, पाच वर्षांच्या, आणि त्यात स्वतःचा पगारही असतो. कायम नोकरी नसलेल्या तरुणालाही अर्ज करता यावा अशी योजना त्यात आहे. पुण्याच्या आयसरमध्ये असे संशोधक काम करत आले आहेत. आणि कल्पना उत्पादनाकडे जाणारी असेल तर बायरॅकचं बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट आहे, ५० लाखांपर्यंत, दीड वर्षासाठी; त्याचं एक केंद्र पुण्यातलं व्हेंचर सेंटर. पण सहाव्या वर्षाचा प्रश्न इथेही तोच.

प्रश्न: सर, जिन्यात विचारणारी मीच. मग मी अर्ज कसा लिहू?

उत्तर: बसा, बसा. आंतरपीक लावा. कापसात तूर लावतात तसं. कापेक्कीच्या अर्जात तीन कामं होती हे विसरू नका. एक असं ठेवा की ज्याचा निबंध नक्की निघेल. धाडसी कामाबद्दल लिहिताना, पहिल्या वर्षी कोणता निकाल आला तर मी हे थांबवेन, ते स्पष्ट लिहा. परीक्षकाच्या "झालंच नाही तर" या प्रश्नाला प्राथमिक निष्कर्षांशिवाय देता येण्याजोगं तेवढं एकच उत्तर आहे. आणि नोकरी स्वीकारण्याआधी विभागप्रमुखांना विचारा, की पाच वर्षांनी माझं मोठं काम फसलेलं असेल पण नीट केलेलं असेल, तर माझ्या कायम होण्याचं काय? उत्तर तोंडी घेऊ नका. ईमेलवर मागा.